‘बसेल’ म्हणालो

२ फेब्रुवारी, सोमवार

नोकरी गेली तेव्हा ठरवलं होतं की रोज लिहायचं. पण माझ्या आयुष्यात रोज लिहावं असं काही घडत नाही, म्हणून घडेल तेव्हा लिहितो.

दुकान बरं चाललंय म्हणायला हरकत नाही. खोली ताईची, तिच्याच घराखालची. कंपनीत इतकी वर्षं दुसऱ्यांचे कॉम्प्युटर सांभाळले, आता स्वतःचा बोर्ड लावून बसलोय. शेजारी लेथचं वर्कशॉप आहे, दिवसभर लोखंड कातल्याचा आवाज. ताई वर राहते. मागच्या लोखंडी जिन्याने वर जायचं, दुपारचं जेवण तिच्याकडे. सकाळी ती काउंटरवर बसते, कारण मला गिऱ्हाइकांशी गोड बोलता येत नाही असं तिचं मत आहे.

आज एका बाईंचा फोन आला. आवाज इतका हळू की मला दोनदा ‘हॅलो’ म्हणावं लागलं. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं, म्हणजे पेटीचं, नाव त्यांनी एकेक अक्षर वाचून सांगितलं, मग ग्राफिक्स कार्डचं. हे कार्ड त्यात बसेल का, एवढंच विचारायचं होतं.

“मी आतून मोजलंय,” त्या म्हणाल्या. “तीस सेंटिमीटर आणि वर थोडं भरतं. कार्ड साडेतेहतीस आहे ना?”

मला हसू आलं. म्हटलं, “बाई, टेप कुठून कुठे धरलीत? कंपनीच्या माहितीत छत्तीस लिहिलंय. बसेल.”

“नक्की ना?”

“अहो, बसेल.”

“मागच्या पट्टीपासून पुढच्या त्या जाळीपर्यंत मी धरली होती. दोनदा.”

“बसेल म्हटलं ना.”

मग म्हणाल्या, “तुम्ही सांगताय म्हणून घेते.”

महिन्याभरातली सगळ्यात मोठी विक्री. ताईला सांगितलं तर म्हणाली, आधी घेऊन जाऊ दे तिला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

बाई कार्ड न्यायला आल्या. पस्तिशीच्या असतील. एवढा उकाडा असून गळ्याला रुमाल घट्ट गुंडाळलेला. पर्समधून शिंप्याकडे असते तशी कापडी टेप काढली आणि म्हणाल्या, खोकं उघडाल का, मोजून घेते.

मी म्हटलं, सील फोडलं तर कंपनी परत घेत नाही.

“म्हणजे नाही बसलं तर परत घ्याल?”

“नाही बसलं तर, हा प्रश्नच येत नाही.”

त्यांनी टेप गुंडाळली, पर्समध्ये ठेवली, परत काढली. शेवटी खोक्याच्या बाहेरूनच मोजलं आणि तोंडातल्या तोंडात आकडा म्हटला. एखाद्याला वाटेल ऑपरेशन आहे. त्यांचे यजमान घरूनच काम करतात, बिल्डरांना न बांधलेल्या इमारतींची थ्रीडी चित्रं करून देतात, त्यासाठी कार्ड हवं. मी विचारलं, मग ते स्वतः का नाही आले? त्या म्हणाल्या, “त्यांनी मला सांगितलंय करायला.”

गेल्यावर ताईने विचारलं, “कोण होती?”

“टेपवाल्या बाई,” मी म्हटलं. “तीन सेंटिमीटरसाठी जीव टाकतायत.”

ताई हसली नाही. तिला माझे विनोद तसेही कळत नाहीत.

७ फेब्रुवारी, शनिवार

वाईट दिवस. नीट लिहून काढतो म्हणजे डोक्यातून जाईल.

दुकान उघडतोय तोच टेपवाल्या बाईंचा फोन. कार्ड बसत नाही. मी म्हटलं, शक्य नाही. त्या म्हणाल्या, पुढे काहीतरी जाड आहे, त्याला टेकतं. मी म्हटलं, बघू, यावं लागेल. त्यावर त्या भराभर बोलायला लागल्या. “बघायला नंतर या. आधी एक करा. ते तुम्हाला फोन करतील. त्यांना सांगा की चूक दुकानाची झाली. एवढंच सांगा. मी सांगितलं तर त्यांना पटत नाही.”

मला राग आला. खरंच आला, इथे खोटं कशाला लिहू. नवीन दुकान, कुणी उठून चार ठिकाणी लिहिलं की यांना मापं कळत नाहीत, तर पुढे कोण येणार? आणि काही बघितल्याशिवाय चूक कबूल कशी करू? मी म्हटलं, “बाई, घरातलं तुम्ही घरात बघा.” त्यांनी फोन ठेवला. म्हणजे ठेवला की कट झाला, कळलं नाही.

दुपारी यजमानांचा फोन. मला वाटलं होतं शिव्या खाव्या लागणार. पण आवाज अगदी शांत, सुशिक्षित. “मी भांडायला फोन केलेला नाही. फक्त माप कुणाचं चुकलं ते मला कळू दे. तुमचं की हिचं?”

मी काउंटरवरचं बिलबुक सरळ केलं. मग म्हणालो, “बाईंनी टेप नीट धरली नसेल. होतं असं.”

ते हसले. “मला वाटलंच. आभारी आहे.”

नंतर म्हणाले, कार्ड बदलून द्या, वरचा फरक मी देतो. इतका समजूतदार माणूस. उगाच घाबरलो होतो.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज लहान कार्ड घेऊन त्यांच्या घरी जाऊन आलो.

चौथा मजला, स्वच्छ घर. इतकं स्वच्छ की चपला कुठे काढाव्या कळेना. थ्रीडीवाल्या साहेबांची खोली रस्त्याच्या बाजूला. दोन मोठे मॉनिटर, भिंतीवर न बांधलेल्या बंगल्यांची चित्रं, चित्रात बागेत मुलं खेळतायत. त्यांना स्वतःला मूल नाही.

कॅबिनेटची काच काढली आणि बघतो तर पुढच्या बाजूला पंख्यांच्या मागे आतलं गार ठेवणारा पाण्याचा रेडिएटर. पंखा आणि रेडिएटर मिळून पाच सेंटिमीटर खातात. छत्तीसातून पाच गेले. राहिले तीस आणि वर थोडं.

बाईंचं माप बरोबर होतं. कंपनीचा आकडा रिकाम्या कॅबिनेटचा, आणि आत काय बसवलंय हे मी विचारलंच नव्हतं. नवख्या माणसाने करावी तशी चूक.

सांगणार होतो. शब्द तोंडात आले होते. तेवढ्यात साहेब बायकोकडे बघून म्हणाले, “हिला साधी टेप धरता येत नाही, बघा. शाळेत गणितात पहिली यायची म्हणे.” मी हसलो. असं कुणी बोललं की माणूस हसतो. बाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या, त्या माझ्याकडेच बघत होत्या. मी खाली वाकून स्क्रू आवळत राहिलो.

नवीन कार्ड आरामात बसलं. लांबीने कमी पण वजनाने भारी. साहेबांनी मला नोकरीबद्दल विचारलं, कशी गेली, किती वर्षं होतो. आजवर इतकं आस्थेने कुणी विचारलेलं नाही. मला माणूस आवडला.

निघताना हात धुवायला आत गेलो. स्वयंपाकघराच्या दाराला कडी बाहेरच्या बाजूने आहे. सुतार डोकं वापरत नाहीत.

११ फेब्रुवारी, बुधवार

सांगायला हवं होतं. दिवसभर मधूनमधून हेच डोक्यात येत होतं. पण कार्ड बसलं, काम मिटलं. आता उकरून काढण्यात कुणाचं भलं आहे?

२० फेब्रुवारी, शुक्रवार

टेपवाल्या बाई आल्या. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. मी विचारलं, काय झालं. न्हाणीघरात पाय घसरला म्हणाल्या. आमच्या जुन्या साहेबांच्या आईचंही असंच झालं होतं, मी त्यांना तो सगळा किस्सा सांगितला, रबरी चटई टाका म्हणून सुचवलं.

कार्ड जड असल्याने एका टोकाला कललंय, साहेबांना ते खटकतं, टेकू पाहिजे. मी टेकू शोधायला आतल्या खोलीत गेलो. वेळ लागला, कारण मी सामान लावतो तसं ते पुन्हा सापडत नाही. बाहेर आलो तर ताई काउंटरच्या पलीकडे जाऊन त्यांच्याशेजारी बसली होती, समोर पाण्याचा ग्लास. बाईंच्या गळ्याचा रुमाल सुटलेला, तो त्या डाव्या हाताने बांधायचा प्रयत्न करत होत्या. ताईने बांधून दिला.

त्या गेल्यावर ताईने विचारलं, “कार्ड बसत नव्हतं त्या दिवशी तिच्या नवऱ्याला तू फोनवर काय सांगितलंस?”

मी सांगितलं. लपवण्यासारखं काय होतं?

“आणि माप कुणाचं चुकलं होतं?”

“माझं. पण फार नाही, म्हणजे रेडिएटर—”

ती उठून वर गेली. जेवायला हाक आली नाही. मी आपणहून गेलो तर ताट वाढून ठेवलं होतं आणि ती गॅलरीत पाठ करून उभी होती. भाजीत मीठ नव्हतं. बोललो नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

ताई म्हणते, त्या थ्रीडीवाल्याचं काम यापुढे घ्यायचं नाही. मी कारण विचारलं. म्हणाली, माझ्या खोलीत दुकान आहे, कारण पाहिजेच का?

आता हे धंद्याचं बोलणं झालं का? असं चोख गिऱ्हाईक मिळत नाही. पण ताईशी वाद घालून आजवर कोण जिंकलंय? माझ्या मते तिला एकूणच नवरा या प्रकाराचा राग आहे. तिचं लग्न वर्षभरसुद्धा टिकलं नाही. एका सकाळी परत आली ती आलीच. घरात कुणी त्यावर बोललं नाही, मीही विचारलं नाही. स्वभाव जुळले नसतील. पण म्हणून जगातल्या सगळ्या नवऱ्यांना एकाच मापाने मोजायचं का?

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

ताईचं काहीतरी बिनसलंय. चार दिवस झाले, मला वर बोलवत नाही. डबा खाली आणून देते. म्हणते, गुडघे दुखतात, तुझ्या येण्याजाण्याने दार उघडावं लागतं. पण डबा घेऊन तीच जिना उतरते, तेव्हा गुडघे दुखत नाहीत वाटतं.

काउंटरवरही बसत नाही. खालून हाक मारली की गॅलरीतूनच बोलते.

३ मार्च, मंगळवार

मला आता खरी काळजी वाटायला लागली आहे. दूध जास्त घेते. मेडिकलमधून काहीतरी आणलं, मी विचारलं तर पिशवी पाठीमागे धरली. दुपारी लेथ बंद असताना वरून बोलण्याचा आवाज येतो. दार वाजवलं तर थांबतो. म्हणाली रेडिओ होता. ताईने रेडिओ कधीच लावलेला नाही, तिला बातम्यांनी डोकं दुखतं.

माणूस एकटा राहून राहून स्वतःशी बोलायला लागतो, हे ऐकून आहे. किंवा मोठा आजार निघाला असेल आणि मला सांगत नसेल. आईनेही शेवटपर्यंत असंच लपवलं होतं. विचारायचं कसं? मला विचारता येत नाही. फार फार तर हवापाण्याचं.

५ मार्च, गुरुवार

आज थ्रीडीवाले साहेब स्वतः दुकानात आले. ताईने सांगितलं होतं काम घेऊ नकोस, पण ते काम घेऊन आलेच नव्हते, सहज आले होते. मी स्टूल पुसून दिलं. दाढी वाढलेली, डोळे लाल. मी म्हटलं, बरं नाही का. म्हणाले, बायको रुसून माहेरी गेलीय, घरात करमत नाही.

मी म्हटलं, येतील हो परत. कार्ड कसं चाललंय? म्हणाले, उत्तम.

मग इकडे तिकडे बघून म्हणाले, “तुमच्या ताई दिसत नाहीत. आमच्या हिला फार आवडायच्या त्या. बऱ्या आहेत ना?”

इतके दिवस मनात साठलं होतं, कुणाशी बोलायला नव्हतं. मी सगळं सांगितलं. वर येऊ देत नाही, एकटी बोलते, दूध जास्त लागतं, औषधं लपवते. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. फार लक्ष देऊन ऐकतात. विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, दहाबारा दिवस झाले असतील. विचारलं, वर जायचं कुठून, समोरून तर दार दिसत नाही. मी मागचा जिना दाखवला. म्हणाले, वयस्कर माणसाने असा उभा जिना चढणं बरं नव्हे.

उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. “काळजी करू नका. काहीतरी मार्ग निघेल.”

कुणीतरी विचारलं, एवढ्यानेही बरं वाटतं.

७ मार्च, शनिवार

काल लिहिता आलं नाही.

काल सकाळी मी माल आणायला बाजारात गेलो होतो. शुक्रवारी जातो हे दुकानाच्या पाटीवरच लिहिलंय. परत आलो तर गल्लीत माणसं जमलेली आणि लेथ बंद. ताई जिन्याच्या पायथ्याशी पडलेली होती. डोक्याखाली लेथवाल्याचा शर्ट, शर्ट सगळा भिजलेला. ती शुद्धीवर होती. माझ्याकडे बघून म्हणाली, “वर जा. ती वर आहे.”

मी म्हटलं, कोण?

वर न्हाणीघराचं दार बिजागरीतून निखळून पडलं होतं. थ्रीडीवाले साहेब जमिनीवर पालथे, त्यांच्या पाठीवर लेथवाल्याची दोन माणसं बसलेली. आणि नळाखाली, कोपऱ्यात, अंग चोरून टेपवाल्या बाई. चेहऱ्याची एक बाजू ओळखू येत नव्हती. प्लास्टर फुटलं होतं, तो हात त्यांनी डोक्यावर धरलेला होता. तसाच. आम्ही आत गेलो तरी खाली घेतला नाही.

साहेब मला बघून म्हणाले, “यांना सांगा हो, तुम्ही मला ओळखता.”

मी वाटेतलं निखळलेलं दार उचलून बाजूला ठेवलं.

ताईने दार पूर्ण उघडलं नव्हतं. त्याने गॅसचा माणूस आहे म्हणून सांगितलं होतं, तिने फटीतून बघितलं, तेवढ्यात त्याने धक्का दिला. ती दोन्ही हातांनी चौकट धरून उभी राहिली. ताईने लेथवाल्याला सांगितलं, त्या माणसाने तिची बोटं एकेक करून सोडवली आणि मग ढकलली. तिच्या पडण्याचा आवाज लेथच्या आवाजावर ऐकू आला, म्हणून लेथवाले धावले.

खुबा मोडलाय. डोक्याला टाके. डॉक्टर म्हणतात वाचतील, चालण्याचं आता सांगता येत नाही.

९ मार्च, सोमवार

पोलीस ठाण्यात जबाब दिला. टेबलामागच्या हवालदाराने विचारलं, “ती बाई वर लपली आहे हे त्याला कळलं कसं?”

“मी सांगितलं.”

त्याने मान वर केली. “तुम्हाला माहीत होतं?”

“नाही.”

“मग सांगितलं काय?”

मी परत सगळं सांगितलं. दूध, औषधं, बोलण्याचा आवाज, जिना. माझ्याच तोंडून ऐकताना ते इतकं उघड वाटत होतं की मध्येच मी थांबलो. हवालदाराने पेन टेकवून वाट बघितली, मग एक शब्द लिहिला आणि मला वाचून दाखवला. ‘नकळत.’ सही करा म्हणाला.

मी म्हटलं, अजून एक आहे, आधीचं. मापाचं. तो म्हणाला, “मापाचा इथे काय संबंध?” आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

१२ मार्च, गुरुवार

ताई आज पहिल्यांदा नीट बोलली. वॉर्डात बारा खाटा, मध्ये पडदे. मी तिच्या उशाशी बसलो होतो. किती तरी वेळाने विचारलं, “मला का नाही सांगितलंस? मी काय तिला हाकलून दिलं असतं?”

“नसतंस दिलं.”

“मग?”

तिने ओठ ओले केले. “तू वाईट नाहीस रे. खोटंही बोलत नाहीस फारसं. पण कुणी गोड विचारलं की तू सांगतोस. काय विचारतायत ते तुला कळत नाही.”

मला वाटलं ती रागावून बोलेल. ती डॉक्टरने सांगावं तसं बोलली.

मग म्हणाली, “प्लास्टर कशामुळे होतं, माहितीये? तुझ्या फोनच्या दुसऱ्या दिवशी मोडला तिचा हात. ती प्लास्टर घालून दुकानात यायच्या आधी बारा दिवस.”

मी हिशेब केला. म्हणजे मी कार्ड बसवायला गेलो तेव्हा हात मोडलेलाच होता. चहाचा ट्रे. त्यांनी तो डाव्या हाताने आणि पोटाशी टेकवून धरला होता, उजव्या हातावर लांब बाही. मला वाटलं होतं, काय ही ट्रे धरायची पद्धत. दहा दिवस त्याने डॉक्टरकडे नेलं नव्हतं.

बाहेर येऊन व्हरांड्यात उभा राहिलो. वॉर्डबॉय म्हणाला, इथे थांबायचं नाही. मग जिन्यात जाऊन उभा राहिलो.

१७ मार्च, मंगळवार

टेपवाल्या बाई त्याच हॉस्पिटलमध्ये होत्या, बायकांच्या दुसऱ्या वॉर्डात. आज त्यांना घरी सोडणार होते. घरी म्हणजे घरी नाही. दुसऱ्या गावी एक संस्था आहे, तिथल्या एक बाई गाडी घेऊन आल्या होत्या. कोणतं गाव, ते मी विचारलं नाही.

ताई म्हणाली, “जा. भेटून ये. पण तिने तोंड फिरवलं तर निघून ये, उभा राहू नकोस.”

त्या बाकावर बसल्या होत्या, मांडीवर एक पिशवी. गालाची सूज उतरली आहे, पण डोळा अजून अर्धाच उघडतो. मी समोर उभा राहिलो. चार दिवस पाठ केलं होतं, त्यातलं काही आठवेना.

म्हटलं, “तुमचं माप बरोबर होतं.”

“मला माहीत होतं,” त्या म्हणाल्या. हळू, एका बाजूने तोंड हलवत. “ते मला कशाला सांगताय? त्याला सांगायचं होतं.”

याआधी त्या त्याला ‘ते’ म्हणायच्या.

मी म्हटलं, “हो.”

संस्थेच्या बाई कागदांवर सह्या करायला गेल्या होत्या. मी जायला वळलो तेव्हा त्या पुन्हा बोलल्या. “तुम्ही सांगितलं असतं तरी फार काही झालं नसतं. त्याला कार्डाशी काही घेणं नव्हतं. ते बसलं असतं तर आणखी काहीतरी निघालं असतं. चहा, टॉवेल, काहीही.”

मला हायसं वाटलं. लाज वाटते, पण वाटलं. ते बहुतेक चेहऱ्यावर दिसलं असावं.

“पण त्या दिवशी निघालं नसतं,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी हात मोडला नसता. तो दिवस तुमच्या नावावर आहे.”

गाडी आली. लिफ्ट बंद होती, मी पिशवी धरू का विचारलं. नको म्हणाल्या. डाव्या हाताने पिशवी उचलून, एकेक पायरी भिंतीला धरून उतरत गेल्या.

मी ताईकडे परत गेलो. तिने विचारलं, “काय म्हणाली?”

सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. ताई छताकडे बघत ऐकत होती. मग म्हणाली, “पाठ दुखतेय, खाट जरा वर कर.” मी दांडा फिरवून खाट वर केली.

२९ मार्च, रविवार

ताईला घरी आणलं. वर नेणं शक्य नाही, म्हणून दुकानाच्या आतल्या खोलीत खाट टाकली आहे. सगळं सामान बाहेर काढलं, खोकी काउंटरवर रचली, आता गिऱ्हाइकाला उभं राहायलाही जागा नाही. ती वॉकरने चार पावलं चालते आणि घामाघूम होऊन बसते.

त्याला जामीन मिळाला. गावात येऊ नये अशी अट आहे म्हणतात. लेथवाल्याने आपली माणसं रोज आळीपाळीने आमच्या दारासमोर बसवायची ठरवलीयत. मी नको म्हणालो नाही.

दुपारी ऊन उतरल्यावर ताईच्या पायाला तेल लावत होतो. ती डोळे मिटून पडली होती. मला वाटलं झोपली. आणि मग, ती झोपली असं वाटलं म्हणूनच बहुधा, मी विचारलं, “ताई, तू त्या सकाळी परत आलीस, तेव्हा काय झालं होतं?”

तिने डोळे उघडले नाहीत. लेथचा आवाज चालू होता. तो थांबला.

“आज विचारतोयस,” ती म्हणाली.

“हो.”

“दार लावून घे.”

मी दार लावलं, परत येऊन खाटेशी जमिनीवर बसलो. अंधार पडेपर्यंत ती बोलत होती. मध्ये दोनदा पाणी मागितलं. बाहेर कुणीतरी दुकान उघडं आहे का म्हणून शटर वाजवलं आणि थोडा वेळ थांबून निघून गेलं.

तिने जे सांगितलं ते इथे लिहीत नाही.